फोन येईल

थोरलीने बशीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरवली, बाटलीचं झाकण उघडलं आणि करंगळीच्या टोकावर द्रवाचा एक थेंब घेऊन ती थांबली. इथे थांबायचं असतं. समोरच्याला वाटलं पाहिजे की आता काहीतरी होणार. हे तिने इतक्या घरांत केलं होतं की करंगळी आपोआप हवेत थबकायची आणि भुवया आपोआप वर जायच्या.

"ही मिरपूड म्हणजे तुझ्या फरशीवरची घाण," ती म्हणाली.

"हं," धाकटी म्हणाली. ती समोरच्या स्टुलावर बसली होती आणि तिच्या मांडीवर एक जाडजूड उसवलेलं पुस्तक होतं. धाकटी पुस्तकं बांधायची. वाचनालयांची फाटकी पुस्तकं घरी आणायची, पानं जुळवायची, दाभणाने भोकं पाडून शिवायची, पुठ्ठे चढवायची. खोलीभर खळीचा आंबूस वास असायचा.

थोरलीची करंगळी पाण्याला टेकली. मिरपूड भेदरून बशीच्या कडेला पळाली आणि मधलं पाणी लख्ख झालं.

"बघितलंस?"

"बघितलं. सही कुठे करायची?"

थोरलीची करंगळी पाण्यातच राहिली. तिने तोंडपाठ केलेल्या बोलण्याचा अजून मोठा भाग बाकी होता. पाण्याच्या बचतीचा, हातांच्या त्वचेचा, आणि मग 'तुझ्यासारख्या बाईने घरबसल्या' पासून सुरू होणारा. ते सगळं बाजूला ठेवून ती बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण मागच्या खेपेला याच बशीवरून दोघींचं चांगलंच वाजलं होतं.

मागच्या खेपेला झालं ते असं. मिरपूड पळाल्यावर धाकटी काही न बोलता उठली होती, मोरीतली साबणाची झिजलेली वडी घेऊन आली होती आणि दुसऱ्या बशीत मिरपूड टाकून तिने ती वडी बुडवली होती. मिरपूड तशीच पळाली. "ताई, ही मिरपूड कुणालाही घाबरते गं," असं ती म्हणाली होती. म्हणाली हसत, पण थोरलीबरोबर त्या दिवशी एक नवी बाई शिकायला आली होती, आणि तीही हसली. थोरलीने बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि पुन्हा हिच्या दारात बाटली घेऊन आले तर नाव बदलेन असं स्वतःलाच बजावलं. त्यानंतर दोघी भेटल्या त्या मामी आजारी असताना हॉस्पिटलच्या जिन्यात. "तू आलीस का, मग मी निघते," एवढंच बोलणं झालं.

आणि तरीही आज थोरली आली होती, बाटली घेऊन, नाव न बदलता. तिला यावंच लागलं होतं.

थोरली काही फसवी बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या द्रवावर तिचा मनापासून विश्वास होता आणि तिची स्वतःची फरशी पाय घसरेल इतकी चकचकीत असायची. या धंद्यात ती आली तीही अपघाताने. मुलं शिकून बाहेर पडली, घर अचानक मोठं झालं, आणि एका शेजारणीला सोबत म्हणून ती कंपनीच्या सभेला गेली. तिथे सगळ्यांना उभं राहून आपली ओळख करून द्यायला सांगितलं. थोरली आयुष्यभर कुणाची सून, कुणाची बायको आणि कुणाची आई म्हणून ओळखली गेली होती. तिने उभं राहून नुसतं स्वतःचं नाव सांगितलं आणि हॉलभर टाळ्या वाजल्या. शेजारीण पुढच्याच सभेपासून यायची बंद झाली. थोरली मात्र चिकटली ती चिकटलीच.

कंपनीत पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांना भारदस्त नावं होती. आपण माणसं आणायची, ती आपल्या खाली बसतात. त्यांनी आणखी माणसं आणायची, तीही आपल्याच खाली. अशी पुरेशी माणसं जमली की 'मार्गदर्शक', आणि मार्गदर्शकाच्या वर 'आधारस्तंभ'. "घरात एक खांब आधीच आहे, त्याला कुणी विचारत नाही," असं थोरलीचा नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा. थोरली त्याच्याकडे लक्ष द्यायची नाही. आधारस्तंभ झालेल्या बाईला सभेत पहिल्या रांगेत खुर्ची असते आणि ती आत आली की माणसं उठून उभी राहतात. थोरलीसाठी आजवर कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. ते तिला हवं होतं, अगदी लहान मुलाला हवं असतं तसं हवं होतं, आणि यात लपवण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं.

त्यासाठी एकच माणूस कमी पडत होतं. आणि तेही महिना संपायच्या आत, नाहीतर कंपनीच्या नियमाप्रमाणे सगळी चढण पुन्हा तळापासून सुरू. इतक्या वर्षांत जोडलेल्या बायका दुसऱ्या कुणाच्या तरी खाली वाटल्या जाणार होत्या. वरच्या बाईंनी, म्हणजे जिच्या खाली थोरली होती तिने, हे अतिशय गोड आवाजात कळवलं होतं.

आता माणूस आणायचं कुठून? ओळखीपाळखीचे सगळे विचारून झाले होते. शेजारीण तिची चाहूल लागली की मिक्सर सुरू करायची, म्हणजे बेल ऐकूच आली नाही म्हणायला मोकळी. मामीने एक बाटली घेतली होती ती यापुढे कधी काही घ्यावं लागू नये म्हणून. मुलाच्या सासूबाईंनी तर 'तुमचं ते सोडून काहीही बोलू या' अशी अट घालूनच फोन घ्यायला सुरुवात केली होती. राहता राहिली धाकटी.

"खरंच म्हणतेस?" थोरलीने शेवटी करंगळी पुसली. "सही केल्यावर दर महिन्याला बाटली घ्यावी लागते."

"घेईन की. फरशी पुसतेच मी."

"आणि माणसं आणावी लागतील. बोलावं लागतं गं लोकांशी. तुला जमणारे का?"

"मला माणसं कशाला हवीत," धाकटी म्हणाली. तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, तो चुकला, तिने तो ओठांत ओला करून पुन्हा धरला. "मी नुसती तुझ्या खाली बसेन. तुझं काम होतंय ना?"

थोरलीला वाटलं, हिला कुणीतरी सांगितलं असणार. मामीनेच सांगितलं असेल, की बहीण अडली आहे म्हणून. तिला एकदम भरून आलं आणि त्याच दमात थोडं चिडायलाही झालं, कारण उपकार घ्यायची तिला सवय नव्हती. तिने पिशवीतून अर्ज काढला आणि धाकटीसमोर पसरला.

धाकटीने हाताची खळ फडक्याला पुसली, पण पेन लगेच घेतलं नाही.

"ते सकाळचं असतं ना," ती म्हणाली, "ते सगळ्यांनाच असतं?"

"काय सकाळचं?"

"फोन."

या धंद्याची खरी मेख त्या सकाळच्या फोनात होती. जिने माणूस आणलं तिने त्या माणसाला रोज सकाळी फोन करायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: झोप लागली का, काही खाल्लं का, मनात काय आहे. बाटलीचं नावही काढायचं नाही. बाकीच्या बायका हे पाढे म्हटल्यासारखं उरकायच्या. थोरलीकडे मात्र यात देणगीच होती. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या मुलीची मुलाखत आहे, कुणाचं घरमालकाशी बिनसलंय, सगळं तिच्या ध्यानात असायचं, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई सकाळी उठली तीच आपली आठवण काढत. एकजण फोनवर पोटभर रडली होती आणि रडून झाल्यावर तिने जास्तीच्या बाटल्या मागवल्या होत्या. "मला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नाही," असं सांगणाऱ्या तर कितीतरी. अशा सगळ्यांना थोरली 'माझी माणसं' म्हणायची.

हे फोन धाकटीला ठाऊक होते, कारण ते तिने जवळून ऐकले होते. मिरपुडीच्या भांडणाच्या आधी एकदा वरच्या मजल्यावरचा नळ फुटून तिच्या खोलीचं छत गळायला लागलं, तेव्हा ती काही दिवस थोरलीकडे राहायला गेली होती. सकाळी थोरली कानाला फोन लावून गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत फिरायची. "झोप लागली का गं? मग काय खाल्लंस? नुसत्या चहावर राहू नकोस, मी ओरडेन हं." टेबलाशी धाकटी आपला कप धरून बसलेली असायची, आणि पलीकडे भावोजी, म्हणजे थोरलीचा नवरा. तो एकदा बिस्किट बुडवत भिंतीला उद्देशून म्हणाला, "मलाही बरी लागली झोप. खाल्लंय. मनात काही नाही." धाकटी खो खो हसली होती. दुसऱ्या दिवशी दोन फोनांच्या मध्ये ती थोरलीला म्हणाली, "ताई, मला रात्री ना जरा..." तेवढ्यात पलीकडे फोन लागला आणि थोरलीने हाताचा पंजा वर केला, म्हणजे थांब, एक मिनिट. त्या फोनानंतर दुसरा आला. सगळे आटोपले तेव्हा धाकटी कप विसळून आंघोळीला गेली होती. काय म्हणत होती ते विचारायचं राहून गेलं.

"हो, सगळ्यांनाच," थोरली आता म्हणाली. "नवीन माणसाला रोज. नियमच आहे तो."

"रविवारी पण?"

"रविवारी पण."

"मग ठीक," धाकटी म्हणाली आणि तिने सही केली. सही करताना ती कागदावर इतकी वाकली होती की थोरलीला फक्त तिचा भांग दिसत होता. केस चांगलेच पिकले होते. कधी पिकले, ते थोरलीला आठवेना.

अर्ज घडी करून पिशवीत गेला. झालं. थोरली आधारस्तंभ झाली होती, आणि या खोलीत टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, तरी तिला कानात काहीतरी वाजल्यासारखं वाटलं. तिने बशीतलं पाणी मोरीत ओतलं, बशी विसळली, बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"तुझा फोन किती वाजता येईल?" धाकटीने पाठीमागून विचारलं.

थोरली झाकण आणखी घट्ट करत राहिली. कारण आणखी एक नियम होता. मार्गदर्शक होती तोवर नव्या माणसाला तिने स्वतः फोन करायचा. आधारस्तंभ झाली की सकाळचे सगळे फोन तिच्या खालच्या बाईकडे जायचे आणि आधारस्तंभाने फक्त खालच्या बाईकडून हकिगत ऐकायची. थोरलीच्या खाली नर्सबाई होत्या. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या, वेळेला पक्क्या. या बदलाची थोरली कधीची वाट बघत होती. सकाळचा चहा गरम पिऊन तिला वर्षं लोटली होती, घसा कायमचा बसलेला असायचा. गेल्याच आठवड्यात तिने नर्सबाईंना सांगून ठेवलं होतं, की आता सगळ्या बायका तुमच्या, मी सुटले. आणि धाकटीने सही केली त्या क्षणाला हा नियम लागू झाला होता.

"सकाळी फोन येईल," थोरली म्हणाली.

आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे. ताप येतो, झोप येते, तसा फोनही येतो. कोण करणार ते बोलायची गरज पडत नाही आणि खोटंही बोलावं लागत नाही.

"आठाच्या आधी आला तर बरं," धाकटी म्हणाली. "आठनंतर मी कामाला बसते, मग हात खळीचे असतात." तिने मोबाइल कपाटावरून उचलला, खाटेजवळच्या खुर्चीवर ठेवला आणि चार्जरची वायर तिथपर्यंत पोचते का ते ओढून पाहिलं. वायर पोचत नव्हती. तिने खुर्ची सरकवली.

"येते मी, बारके," थोरली म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडी ते लहानपणचं नाव आलं.

जिन्याच्या वळणावर ती थांबली. वर जाऊन सांगावं का, असं तिच्या मनात आलं. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि आनंद त्याहून जास्त झाला होता, आणि दोन्ही एकदम सांभाळता येईना. मग तिने स्वतःशी हिशेब मिटवला. नियम कंपनीचा कंपनीपाशी. सख्ख्या बहिणीला फोन करायला कुणाची परवानगी लागते? आपण वेगळा फोन करू. उद्याच करू. नर्सबाईंना सांगून टाकू, की ही एक माझ्याकडे राहू दे.

रस्त्यावर येताच तिने नर्सबाईंना फोन लावला. नर्सबाईंनी अभिनंदनाचा असा काही वर्षाव केला की थोरली बसस्टॉपवर एकटीच हसत उभी राहिली. मग नर्सबाईंनी विचारलं, नवीन बाई कोण?

थोरली अडखळली. कंपनीत एक कुजबुज नेहमी चालायची, अमकीने शेवटची जागा घरच्या माणसाने भरली म्हणून. तसं करायला बंदी नव्हती, पण बायका नाकं मुरडायच्या. थोरलीने स्वतः मुरडली होती. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसताना मागून असलं काही ऐकू यावं, हे तिला नको होतं.

"पुस्तकं बांधतात त्या," ती म्हणाली. "एकट्याच असतात. बोलायला जरा कमी आहेत."

धाकटीला जन्मात पहिल्यांदाच तिने 'त्या' म्हटलं होतं. नर्सबाईंनी नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, काळजी करू नका, उद्या पहिला फोन त्यांनाच.

दुसऱ्या दिवशी थोरली लवकर उठली. बहिणीला फोन करायचा हे तिच्या पक्कं लक्षात होतं. ती फोन हातात घेते तोच तो वाजला. वरच्या बाई होत्या. नव्या आधारस्तंभाचं स्वागत म्हणून त्यांनी सगळ्याच आधारस्तंभांना एकत्र फोनवर घेतलं होतं. एकेकजण बोलत होती, थोरलीचं कौतुक करत होती, आणि प्रत्येकीला उलट दोन गोड शब्द सांगावे लागत होते. नवऱ्याने समोर चहा आणून ठेवला. थोरलीने एक घोट घेतला, गरम होता, इतका गरम की तिला नवल वाटलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ कधीच वाजून गेल्याचं तिने पाहिलं, आणि मनात म्हटलं, आता हात खळीचे असतील, दुपारी करू.

कौतुक संपून फोन खाली ठेवला तर नर्सबाईंचा आला.

"ताई, देऊ ना हकिगत?" नर्सबाईंनी विचारलं. त्यांची पद्धत वॉर्डातली होती. एकीनंतर एक, खाट न चुकवता. गुडघेवाल्या बाईंना झोप लागली नाही. घरमालकाशी भांडण झालेल्या बाईंनी खाल्लं, पण मनात भीती आहे. मुलीची मुलाखत होती त्या बाई बऱ्या. थोरली हं, हं करत ऐकत होती आणि चहा संपवत होती.

"आणि त्या तुमच्या नवीन बाई, पुस्तकंवाल्या," नर्सबाई म्हणाल्या. "झोप लागली म्हणाल्या. खाल्लंय म्हणाल्या. मनात काही नाही."

"बरं," थोरली म्हणाली.

"सुरुवातीला मात्र गंमत झाली. मी काही बोलायच्या आधीच म्हणतात कशा, 'ताई? नवीन नंबर घेतलास का? मी केव्हाची जागी आहे, तुझी वाट बघत.' बघा ना, एकदम एकेरीवर. आणि तुम्ही सांगता बोलायला कमी."

थोरलीने कप बशीत ठेवला. नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, हो, बोला, मी ताईच. तुम्हीच शिकवलंत ना, पहिल्याच दिवशी मॅडम नाही, ताई म्हणवून घ्यायचं. या तर न सांगताच म्हणाल्या. मग सांगितलं मी कोण ते. म्हटलं, आता रोज मीच फोन करणार."

"मग?"

"मग जरा वेळ आवाजच नाही. मला वाटलं, कट झाला. मी हॅलो हॅलो केलं, तर आहेत. म्हणाल्या, चालेल."